दिवसाले दिवस

दही लागलं नव्हतं. विमलताईंनी गाडग्यावरची झाकणी काढली, बोट बुडवून पाहिलं आणि गाडगं पुन्हा चुलीच्या उबेला सरकवून ठेवलं. एरवी दही लागलं नाही तर बाई कढी करून मोकळी होते. पण आज सीतादही होती, कापसाच्या पहिल्या वेचणीचा दिवस. वावरात पाच दगड मांडायचे, त्यांना पहिल्या बोंडांचा कापूस नेसवायचा, भोवती दहीभात शिंपायचा, उरलेला सगळ्यांनी खायचा आणि मग कमरेला ओटी बांधून वेचायला लागायचं. त्यांचे यजमान घनश्याम ढोले होते तोवर या दिवशी दही कधी कच्चं राहिलं नाही. ते जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून या घरात काहीच धड लागत नाही असं विमलताईंचं ठाम मत झालं होतं.

"माय, तलाठी सीधा वावरातच येते म्हणते," अमर दारातूनच म्हणाला.

"येऊ दे."

"अन् ते यवतमाळवाले?"

"तेही येतीन. निळूभाऊ सीतादहीले आले नाईत असं एखादं साल सांग मले."

अमर आत येऊन भिंतीला टेकून बसला. पस्तिशीचा गडी, पण यंदा कापसाच्या पऱ्हाटीवर लाल्या आला तसा त्याच्या चेहऱ्यावरही आला होता. पानं लाल पडली की झाड उभं दिसतं खरं, बोंड मात्र धरत नाही.

"ते सीतादहीले नाई येऊन राह्यले," तो म्हणाला. "वावर इकाले येऊन राह्यले. वणीच्या त्या कोळशाच्या ट्रकवाल्याचा ईसार घेऊन बसले ते. त्याच्या वकिलानं तेवढं अडवून धरलं. म्हणे, पांढरीपांड्याचं सात एकर ढोल्यानं पन्नास वर्षं वाह्यलं, तं ढोल्याचा त्या वावराशी संबंध काय, ते आंधी लिहून आना. म्हणून तलाठी. म्हणून तुहा जबाब."

"मले माहीत हाय."

"मंग बटई सांगशीन न?"

विमलताईंनी चुलीत लाकूड सारलं. ओलं होतं, धुमसत राहिलं.

"खोटं बोल नाई म्हणत मी," अमर म्हणाला. "खरंच बोल. वाह्यलं कोनं? बाबानं. बैल कोनाचे? आपले. अन् दर साली अर्धा कापूस बंडीत भरून त्याइच्या नावानं कोनं टाकला? बाबानंच. याले सारी दुनिया बटई म्हणते. अन् बटईवाल्याचा हक्क लागते, माय. मंग त्याइले वावर इकता येत नाई."

"तुहा बाप बटईदार नव्हता."

"मंग कोन होता?"

"सावडकरी होता."

अमरनं कपाळाला हात लावला. हा शब्द त्यानं पाळण्यात असल्यापासून ऐकला होता.

सावड म्हणजे आज तुझ्या वावरात मी, उद्या माझ्या वावरात तू. पैसा नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. दिवस घ्यायचा आणि दिवसच परत द्यायचा. ज्या साली बुळकांडीनं मोहखेडातली निम्मी गुरं नेली, त्या साली घनश्याम ढोल्यांच्या गोठ्यात एक बैल उरला आणि धुऱ्यापलीकडच्या, बांधाला बांध असलेल्या नीळकंठ ऊर्फ निळू पांढरीपांड्यांच्या गोठ्यात एक. एका बैलानं वखर चालत नाही. दोघांनी आपापला बैल आणून एका जुवाला जोडला. एक बैल पांढरा आणि धिप्पाड, दुसरा काळा आणि बुटका. जू कायम एका बाजूला कललेलं. पोळ्याला ही जोडी तोरणाखाली आली तेव्हा सारं गाव हसलं होतं, आणि बामण-कुणब्याची जोडी बैलांपेक्षा बेंगरूळ आहे असंही कोणी म्हणालं होतं. दोघांचीही तेव्हा मिसरूड नुकती फुटलेली. घनश्यामनं त्यावर उत्तर दिलं होतं, ते गावात पुढं म्हण होऊन राहिलं: सोयऱ्यात रुसवा, भागीत फसवा, अन् सावडीत दिवसाले दिवस.

पुढं दोन वर्षांतच नीळकंठ यवतमाळला रजिस्ट्रीच्या कचेरीत चिकटले. त्यांचा बैल गेला, वखर गेला, हाताचे घट्टेही गेले. वावर घनश्यामच वाहत राहिले आणि अर्धा कापूस देत राहिले. शब्द मात्र तोच राहिला. घर पडलं तरी पत्ता तोच असतो, तसं ते झालं. नीळकंठराव दर रविवारी एस.टी.नं येत, धुऱ्यावर बसत, घनश्यामच्या डब्यातली भाकरी खात. अमरला त्यांनी दोन वर्षं आपल्या घरी ठेवून शिकवलं, विमलताईंच्या ऑपरेशनला दवाखान्यात रात्री काढल्या. त्यांनी काहीच केलं नाही असं कोणी म्हणणार नाही. पण वावरात त्यांची पाळी बाकी होती ती बाकीच होती.

"इहिरीचं बोल," अमर म्हणाला. "इहीर त्याइच्या वावरात. ट्रकवाला उद्या तठी कुंपन घालीन. आपल्या पाच एकरले पानी कोठून आनू मी? सावडीतून?"

"तोंड सांभाळ."

"तोंड तुले सांभाळा लागते आज."

अर्पिता, अमरची बायको, भाताचं पातेलं उतरवत होती. लग्न होऊन तिला सहा महिने झाले होते, माहेर पांढरकवड्याकडचं. आता तिनं सासूला अगदी सरळपणे विचारलं, "आत्या, एक बोलू? ते सात एकर आपन वाहत होतो, अन् अर्धं त्याइले देत होतो. आमच्याकडं याले बटईच म्हणते."

"तू नवी हाय," विमलताई म्हणाल्या.

नव्या माणसाला जे दिसतं तेच दिसतं, ही त्याची सोयही आणि इतरांची अडचणही. अर्पितानं मान खाली घालून भात परातीत पसरला. विमलताई चुलीकडे पाहत बसल्या. याच चुलीपाशी बसून त्यांनी एकदा एक बोलणं ऐकलं होतं. नवऱ्यालासुद्धा त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं की आपण ते ऐकलं. आजही त्यांनी ते गिळलं आणि दह्याचं गाडगं, तसंच कच्चं, उचलून डोईवर घेतलं.

*

यवतमाळहून नेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सलीलची गाडी खड्डे चुकवत चालली होती. शेजारी नीळकंठराव इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. सीतादहीला ते कायम धुतलेला सदरा घालत आणि कायम तो दह्याने भरवून परत आणत. त्यावरून त्यांची बायको आयुष्यभर बोलली. आता बोलणारी राहिली नव्हती.

"बाबा, तुम्ही फार बोलू नका," सलील म्हणाला. तो यवतमाळच्या कोर्टात वकिली करायचा, आणि साक्षीदाराला आदल्या दिवशी जे सांगायचं ते बापाला सांगताना त्याला अवघडल्यासारखं होत होतं. "विमलकाकू सावडच म्हणतील. त्या दुसरं काही म्हणणारच नाहीत. तुम्हाला विचारलं, तर तुम्हीही तेच म्हणा. पन्नास वर्षं तेच म्हणत आलात."

"आणि सावड म्हटलं की झालं?"

"झालं. सावडीनं हक्क लागत नाही. शेजारधर्मातला शब्द आहे तो. भागीदार म्हटलं असतं तर हिशेब मागितला असता, बटईदार म्हटलं असतं तर कूळ म्हणून उभे राहिले असते. सावडीत काय? बैल दिला, बैल घेतला."

नीळकंठराव बाहेर पाहत होते. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी लाल पडलेली. मध्येच एखाद्या वावरात कोणी उपटून ढीग घातला होता.

"काकांशी मी वाईट वागत नाहीये," सलील म्हणाला. मेलेल्या माणसाबद्दल तो वर्तमानकाळात बोलला हे त्याच्या लक्षात आलं नाही. "अमरला दोन वर्षं विहिरीचं पाणी मिळेल अशी अट मी घालून घेतली आहे. त्या वणीवाल्याशी भांडून. अनिकेत तर पुण्याहून फोनवर म्हणत होता, कशाला मधे पडतोस."

"दोन वर्षांनी?"

"दोन वर्षांत तो बोअर मारेल. बाबा, हे असं आणखी किती दिवस चालवायचं? त्याचंही काही होत नाही आणि आपलंही. भागीचं घोडं किवणानं मेलं, दुसरं काय."

"ते भागीचं घोडं. हे भागीचं नव्हतं."

"मग काय होतं?"

नीळकंठराव पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. सलीललाही उत्तर नको होतं. लहानपणापासून त्यानं या प्रश्नाचं उत्तर भरपूर ऐकलं होतं. दर रविवारी बाप उठायचा आणि मोहखेडला जायचा. सलीलच्या मुंजीच्या आदल्या दिवशीही बाप वावरात होता, कारण काय तर घनश्यामच्या पऱ्हाटीची डवरणी, म्हणजे कोळपणी, चालू होती. तो डवरायचा, हे बघायचे. ही कसली मैत्री, असं आई म्हणायची, एक घाम गाळतो आणि दुसरा त्याला वारा घालतो. सलीलला त्या मैत्रीचा हेवा वाटे आणि रागही येई. ते वावर विकलं की निदान एक विषय संपेल, असं त्याला वाटत होतं, आणि असं वाटल्याबद्दल तो मनातल्या मनात बापाची माफीही मागत होता.

मुलाला नाही म्हणणं नीळकंठरावांना कधी जमलं नव्हतं. महिन्यापूर्वी त्या वणीवाल्यानं ईसाराची थैली टेबलावर ठेवली, सलील आणि अनिकेत, दोन्ही मुलांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी मान डोलावली. मान हलकी असते, चटकन हलते. त्यानंतर त्यांना जेवण गेलं नव्हतं.

रजिस्ट्रीच्या कचेरीत त्यांचं सगळं आयुष्य माणसांमधल्या नात्यांना शब्द शोधण्यात गेलं होतं. भागीदारीच्या कागदावर दोघं सही करतात आणि दोघंही एकमेकांकडे संशयानं बघतात. मक्त्यात एक जण सही करतो, दुसरा नुसता हात पुढे करतो. सोयरीक कागदावर येतच नाही, पण मोडली तर कोर्टापर्यंत जाते. हल्ली पेपरात युती आणि आघाडी असे दोन शब्द रोज येतात. युती निवडणुकीच्या आधी होते आणि आघाडी नंतर, एवढाच काय तो फरक असावा. बटईवाल्याची मात्र सही कुठंच नसते. त्याचं जे काही असतं ते मातीत असतं, आणि माती कोणी कचेरीत आणत नाही.

आणि मग तो कायद्याचा उन्हाळा. बटईनं जो वाहतो त्याच्या नावावर वावर चढणार, अशी आवई उठली होती. कचेरीत रोज गर्दी. एका रात्रीत मालकांचे बटईदार कागदावर वर्षाच्या पगारावरचे सालदार झाले, सालदार दूरचे भाचे झाले. नीळकंठ त्यांना हसत असे. आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी तो एस.टी.नं मोहखेडला गेला, घनश्यामच्या ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "कोणी विचारलं, तर सावड सांगजो."

घनश्याम त्याच्याकडे पाहत राहिला, आणि मग हसला. "असं शिकवा लागते काय रे, निळू? सावडच हाय न आपली."

आणि आतल्या बाजूला हाक मारून त्यानं दोन भाकरी जास्त मागितल्या. तो भोळेपणानं हसला की सगळं समजून हसला, हे नीळकंठरावांना आजतागायत कळलं नव्हतं. त्या हसण्याची त्यांना भीती वाटत आली होती. घनश्याम गेल्यावर तर ती फारच वाढली.

"पोचलो," सलील म्हणाला.

*

धुऱ्यावरच्या पळसाखाली पाच दगड मांडून झाले होते. तलाठी पोरगेलासा होता, बोलायला नम्र, आणि पूजेच्या दिवशी कागद काढावे लागल्यानं ओशाळलेला. अर्पितानं त्याला चहा दिला. तिचं लक्ष मात्र सासूकडे होतं. विमलताईंनी पांढरीपांड्यांना येताना पाहिलं आणि डोईवरचा पदर पुढे ओढला.

"या निळूभाऊ. अंगानं लय उतरले तुमी."

"वय झालं, वहिनी. दही लागलं?"

"नाई लागलं."

दोघंही यावर थोडं हसले. अर्पिताला वाटलं, ही माणसं भांडणार नाहीत. भांडता येणार नाही इतकी जुनी ओळख आहे यांची. अमर मात्र सलीलशी बोलला नाही. यवतमाळच्या घरी दोन वर्षं दोघं एका खोलीत झोपले होते, एकाच सायकलनं शाळेत गेले होते. आज सलीलनं "काय अमर" म्हटलं आणि अमरनं तलाठ्यासाठी खाटेवर घोंगडी अंथरली.

"आंधी कागद उरकून घेऊ का पूजा?" तलाठ्यानं विचारलं.

"कागद," विमलताई म्हणाल्या. "देवापुढं मन मोकळं पाहिजे."

तलाठ्यानं गुडघ्यावर पॅड घेतलं. "माझं काम लहान हाय, काकू. सर्व्हे नंबर तुमाले माहीत हाय. वाहिलं कोनं, तेही गावाले माहीत हाय. फक्त रीत सांगा. रीत म्हणजे घनश्यामजींनी हे वावर कोनत्या नात्यानं वाहिलं. बटई, मक्ता, मजुरी, का आनखी काय. रकाना लहान हाय, एकच शब्द मावते."

वारा नव्हता. अमर आईच्या समोर येऊन उभा राहिला, तिला दिसेल असा. त्याच्या मागं विहिरीचं तोंड दिसत होतं, मोटेच्या काळातली, पाणी पडायची दगडी थारोळी अजून तशीच होती. ती विहीर खणताना घनश्यामचं एक बोट गेलं होतं. विमलताईंनी विहिरीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं, काय कमी मागतो हा? पाणीच मागतो. एक शब्द बोलली की त्याचं पाणी राहतं. त्यांनी ओठ उघडले, आणि तो शब्द यायच्या ऐवजी त्यांना पोळ्यातला तो काळा-पांढरा जोड दिसला, आणि तोरणाखाली छाती काढून चाललेला आपला माणूस. उभ्या जन्मात तो कोणाचा चाकर झाला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, मी निळूचा सावडकरी. मरताना दवाखान्यात नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे, तेव्हाही तो म्हणाला होता, माझा सावडकरी.

"सावड," विमलताई म्हणाल्या.

अमर वळला आणि पऱ्हाटीत चालू लागला. सलीलनं सोडलेला श्वास अर्पिताला ऐकू आला.

"सावड म्हणजे मजुरीत टाकू का काकू?" तलाठी गोंधळला. "असा शब्द आमच्याकडं..."

"मजुरी नाई. सावड. तुमच्या कागदात मावत नसीन तं कागद मोठा करा."

"लिहून घ्या," सलील म्हणाला. "त्या म्हणतात तसं. हक्क सांगत नाहीत, एवढं पुरे."

तलाठ्यानं लिहिलं, आणि केवळ रीत म्हणून नीळकंठरावांकडे पाहिलं. "मालकाचं म्हणनं तेच न? सावड?"

नीळकंठराव पळसाच्या बुंध्याला हात टेकून उभे होते. या बाईनं काय केलं ते इथं त्यांच्याइतकं कोणालाच कळलं नव्हतं. पोराचं पाणी तोडून तिनं त्यांचा शब्द राखला होता. त्यांच्याच तोंडचा शब्द, पंचेचाळीस वर्षांपूर्वी ओसरीवर बसून पढवलेला. मुलाला नाही म्हणणं त्यांना आजही जमलं नसतं. पण नाही म्हणायचंच नव्हतं. नुसतं एक नाव घ्यायचं होतं, आणि नावं घ्यायचं काम त्यांनी हयातभर केलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "बटई. अर्धेलीची बटई."

"बाबा," सलील म्हणाला.

"लिहा तुम्ही. बैल त्यांचे, मेहनत त्यांची, बियाणं त्यांचं. मी फक्त अर्धा माल घेत आलो. पहिली दोन वर्षं सोडली तर सावड कधी नव्हतीच. हे मी शुद्धीवर सांगतो आहे, जमीनमालक म्हणून. सही कुठं करू?"

तलाठ्यानं एकदा सलीलकडे पाहिलं आणि शब्द खोडला. मालकच स्वतःच्या विरुद्ध बोलत असेल तर त्यात तलाठ्याला काय अडचण? पऱ्हाटीतून अमर धावत आल्यासारखा परत आला. त्याचे डोळे भरून आले होते. तो नीळकंठरावांच्या पायाशी वाकला. "काका," एवढंच म्हणाला.

"तुम्ही हे मला घरी सांगायला हवं होतं," सलील म्हणाला.

"घरी तू विचारलं नाहीस. काय म्हणायचं ते सांगितलंस."

सलील गाडीकडे निघून गेला. दार उघडून बसला, पण गाडी सुरू केली नाही. त्या वणीवाल्याला काय सांगायचं याहीपेक्षा अनिकेतला पुण्याला काय सांगायचं याचा तो विचार करत होता. आणि त्याहीपेक्षा, आपण बापाला कधी ओळखलंच नाही, याचा.

नीळकंठरावांनी सही केली. पंचेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी हलक्या मनानं विमलताईंकडे पाहिलं. त्यांची अशी समजूत होती की वहिनी आता रडतील, किंवा हात जोडतील, आणि आपण म्हणू, अहो, असं काय करता. विमलताई दगडासारख्या उभ्या होत्या.

"हे काय केलं निळूभाऊ?"

"खरं होतं ते सांगितलं, वहिनी."

"खरं?" त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "खरं मले माहीत नव्हतं काय? त्या रोजी चुलीपाशी मी होती. भाकरी थापून राह्यली होती. तुमी ओसरीवर बसून काय म्हणले, ते सारं ऐकलं मी."

नीळकंठरावांनी हातातलं पेन तलाठ्याच्या पॅडवर ठेवलं.

"तुमी गेल्यावर ते आत आले," विमलताई म्हणाल्या. "मंग म्हणले, निळू भेला. कायद्याले भेला. म्हणले, वावर काय, मागतलं तं उद्या भेटीन. पन वावर घेतलं तं निळू जाते अन् निळू ठेवला तं वावर जाते. मी निळू ठेवला. असं म्हणले अन् जेवले. समजून-उमजून ठेवलं त्याइनं तुमाले. भोळे नव्हते ते."

तलाठ्यानं कागद पिशवीत घातले आणि पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा बांधत राहिला.

"तवा तुमी बटई म्हणले असते, तं आमी वावराचे मालक झालो असतो, अन् ते मान वर करून मेले असते. तवा सावड म्हणले. ठीक. त्याइनं त्याची किंमत भरली, जन्मभर. अन् आता ते नाईत, तं बटई? आता तुमाले झोप नाई येऊन राह्यली, म्हणून बटई? ज्या शब्दासाठी त्याइनं वावर सोडलं, तो शब्द तरी राहू द्याचा होता त्याइच्या नावावर."

"अमरसाठी केलं, वहिनी. पाण्यासाठी."

"मले समजते. पानी घेऊ आमी. घ्या लागते. माह्या पोराले पुन्हा नाई म्हनाची ताकद माह्यात नाई." त्या पाच दगडांकडे वळल्या. "दोन शब्द होते निळूभाऊ. दोन्ही तुमीच ठरवले, दोन्ही टायमाले."

अमरनं आईचा हात धरायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला केला, रागानं नाही, पूजा राहिली होती म्हणून.

पूजा झाली. पाच दगडांना हळदकुंकू लागलं, कापूस नेसवला गेला. यंदाची बोंडं लहान होती, कापूस आखूड आला आणि पाचव्या दगडाला पुरला नाही. अर्पितानं आपल्या वातीतला थोडा काढून दिला. दहीभात शिंपताना कच्च्या दह्याचं पाणी बोटांतून गळत होतं. तलाठी प्रसाद न घेताच मोटारसायकलवर बसून गेला.

मग खायची वेळ आली. अर्पितानं पळसाची पानं धुऊन ठेवली होती, आणि त्यात एक मोठी पत्रावळ होती. ती कशासाठी ते तिला अमरनं सांगितलं होतं. बाबा आणि काका या दिवशी एकाच पत्रावळीत जेवायचे, बामण-कुणबी म्हणून गावानं तोंड वाकडं केलं तेव्हापासून. बाबा गेल्यावरही दोन वर्षं विमलताईंनी काकांना तीच पत्रावळ वाढली होती, पलीकडच्या अर्ध्या बाजूला एक घास ठेवून.

नीळकंठराव सवयीनं पळसाखालच्या आपल्या जागी बसले. सदऱ्याच्या बाह्या त्यांनी वर केल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, ते त्यांनी उपरण्यानं पुसले आणि समोर पाहिलं.

विमलताईंनी मोठी पत्रावळ उचलून बाजूला ठेवली. दोन द्रोण घेतले. परातीतला भात त्यांनी हातानं सपाट केला, मधोमध बोटानं रेघ ओढली, आणि रेघेच्या एका बाजूचा भात एका द्रोणात भरला, काठोकाठ. कमी पडू दिला नाही. द्रोण घेऊन त्या नीळकंठरावांसमोर आल्या, आणि वाकून, दोन्ही हातांनी, पदर सावरून तो त्यांच्यापुढं ठेवला.

"घ्या, मालक," त्या म्हणाल्या. "तुमचा अर्धा."